विहीणबाईंच्या दारी विजेची गाडी

पौड-घोटावडे रस्त्यावर मोहिद्दीनभाईंनी उभी हयात वडापची, म्हणजे वाटेत हात करील त्याला भाड्यानं बसवून न्यायची, जीप चालवली. जागा नसताना अजून दोघं कुठे बसवायचे, हे त्यांच्याकडून शिकावं. पण जिपेचा खडखडाट असा, की शेजारी बसलेल्या बिस्मिल्लाभाभींशी त्यांचं धड एक वाक्य कधी पुरं झालं नाही. शेवटी त्यांनी जीप विकली, गाठीला होतं ते घातलं आणि एक जुनी विजेची गाडी घेतली.

यावर एसटी स्टँडसमोर चर्चा झाली नसती तरच नवल. चहावाला नथू म्हणाला, "असल्या गाड्या तिकडं रिहे गावातल्या फार्महाऊसवाल्यांच्या. दारात डिझेलची एक असती, मग ही मिरवाया घेत्यात. तुमच्या दारात दुसरी कुटंय?"

"दुसरी माझ्या दारात मावत न्हाई," भाई म्हणाले आणि त्यांनी चहा संपवला.

भाभींना मात्र मिरवायचंच होतं, का खोटं बोला? लेक नाजनीन घोटावड्यात दिलेली. तिची सासू साजिदा बाई वाईट नव्हती, पण दर खेपेला उंबऱ्यातच विचारायची, "वडापनं आलात?" यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून तर भाभींना ते जास्त झोंबायचं. एकदा आपल्या गाडीतून, पुढच्या सीटवरून तिच्या दारात ऐटीत उतरायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

रविवारी भाभी ठेवणीतली साडी नेसून पुढे बसल्या.

"अवं, चालू करा की."

"निघालोय कवाच," भाई म्हणाले.

गाव मागे पडलं तोच गावातल्याच कुशाबानं हात केला. "थांबू नका," भाभी म्हणाल्या, पण भाईंचा पाय ब्रेकवर गेलाही होता. जन्माची सवय ती. कुशाबा बसला. पुढे कारखान्याला निघालेल्या दोघी दिसल्या, त्याही बसल्या. "सरका जरा," म्हणत भाईंनी आणखी एक म्हातारी मागे कोंबली आणि कुशाबाची कोंबडीची पाटी भाभींच्या मांडीवर आली. त्या ठेवणीतल्या साडीवर! भाभींना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

तेवढ्यात मागून कारखान्याच्या दोघींतली एक म्हणाली, "भाभी, माझ्या बाळंतपणाला भाईंनी जीप रिकामी करून मला न्हेलं हुतं. न्हाईतर माझं पोरगं आज दिसलं नसतं."

भाभींनी नवऱ्याकडे पाहिलं. "हे कंदी बोलला न्हाई?"

"बोललो हुतो. जिपंत ऐकू कुटं यायचं?"

मग त्या गाडीत कुणी गप्प बसलं नाही. भाईंनी कुणाला कुठे पोचवलं, कुणाची रुसलेली सून परत आणली, भाभी एकेक ऐकत होत्या. पाटीतली कोंबडी त्यांनी कधी कुरवाळायला घेतली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

साजिदा दारात उभीच होती. आधी कारखान्याच्या दोघी उतरल्या, मग म्हातारी. कुशाबा सवयीनं खिशात भाडं चाचपत होता. साजिदानं हे सगळं पाहिलं आणि विचारलं, "वडापनं आलात?"

"व्हय," भाभी पाटी कुशाबाच्या हातात देत म्हणाल्या, "वडापनंच आले. आमचंच हाय."