गोंदाचे दोन थेंब

फुसाए शोजी यांच्या हाताला घाम येत नसे. एवढ्या एका गुणावर आपण जपानमधल्या सेंदाई शहरातल्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढली, असं त्या चेष्टेने सांगायच्या. काम म्हटलं तर घासण्याचं. लोखंड आणि जर्मेनियमचा मोहरीएवढा स्फटिक घ्यायचा आणि घासून घासून इतका पातळ करायचा की इलेक्ट्रॉन आरपार जावेत. त्या स्फटिकात अणू एकाच अंगाला पीळ घेऊन बसलेले असतात, म्हणून आतलं चुंबकत्वही सरळ न राहता इवल्या इवल्या भोवऱ्यांत फिरतं. भोवरे गोल दिसले की प्रयोगशाळेचे प्रमुख इनामुरा सेन्सेई खूश. बाईंनी मात्र ते फोटोतच पाहिलेले. मोठ्या सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत त्यांना कोण बोलावतो! नवऱ्यामागे त्या एकट्या, नोकरी वर्षावर्षाच्या कराराची. दर मार्चला सही होईपर्यंत जीव टांगणीला.

असा घासलेला पातळ काप चौकटीला चिकटवायचा तो एकाच कडेने, हे बाईंनीच कितीतरी विद्यार्थ्यांच्या डोक्यात भरलं होतं. गार केल्यावर स्फटिक आक्रसतो, सिलिकॉनची चौकट तेवढी आक्रसत नाही. दोन्हीकडून धरलं तर बिचारा ताणला जातो. पण त्या जानेवारीत एक काप निसटला आणि गेला. तीन महिने वाढवलेला स्फटिक! उरलेला एकच काप चिकटवताना बाईंनी भीतीपोटी दुसऱ्या कडेलाही गोंदाचा थेंब दिला. कुणाला सांगितलं नाही.

तो काप ओनोदेराच्या वाट्याला आला. केसेन्नुमा बंदरातल्या मच्छीमाराचा मुलगा, डॉक्टरेटचं शेवटचं वर्ष, आणि बाईंशी गप्पा मारणारा साऱ्या प्रयोगशाळेत एकटाच.

“शोजी-सान, तुमच्या हातचा काप म्हणजे सासूला दाखवावा असा!”

“आधी बायको शोध. मग सासू.”

सोमवारच्या बैठकीत त्याचे फोटो पडद्यावर आले. गार केलेल्या स्फटिकातले भोवरे सगळे लांबुळके, एकाच दिशेला ओढलेले. कोपऱ्यात बसलेल्या बाईंना तो दुसरा थेंब आठवला.

“हे काय?” सेन्सेई म्हणाले. “काप बिघडलाय, की तुला सूक्ष्मदर्शकाचं भिंग जुळवता येत नाही?”

ओनोदेराने मान वळवून बाईंकडे पाहिलं. मग उठून वाकला. “भिंग मी नीट जुळवलं नव्हतं. चूक माझी. माफ करा.”

बाईंना तेव्हा काय वाटलं ते सांगायची मलाच लाज वाटते. सुटले, असं वाटलं त्यांना.

इलेक्ट्रॉनांचा मारा खाऊन काप आता वाया गेला असणार, असं म्हणून सेन्सेईंनी तो टाकून द्यायला लावला. नवा स्फटिक यायला जून उजाडणार होता आणि ओनोदेराची शिष्यवृत्ती मार्चमध्येच संपत होती. ज्याला भिंग जुळवता येत नाही त्याच्यासाठी मुदत कोण मागणार? मार्चमध्ये बाईंच्या करारावर सही झाली, आणि ओनोदेरा पदवीवाचून गावी गेला.

चार वर्षांनी दुसऱ्या एका गटाचा लेख आला. स्फटिकाला हजारात तीन भाग ताणलं की भोवरे शेकडा वीस लांबतात! एवढ्याशा ताणाने एवढा फरक पडेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सेन्सेई कौतुकाने मोठ्याने वाचत होते, आणि बाईंच्या हातातला भाताचा गोळा हातातच राहिला. तो बिघाड नव्हताच. तो शोध होता, आणि ओनोदेराचा होता.

शनिवारी त्या केसेन्नुमाला गेल्या. त्यांनी ठरवलं होतं, आधी त्याला सांगायचं, मग सेन्सेईंना. नोकरी गेली तर जावो, पण पोराला परत घेतलं पाहिजे.

ओनोदेरा धक्क्यावर उकडलेल्या समुद्री शेवाळाला मीठ चोळत होता. “अरे, शोजी-सान! इथं कशा? हाकललं की काय तुम्हाला?”

“ओनोदेरा-कुन, त्या कापाला मी दोन्ही कडांनी गोंद लावला होता.”

त्याचे हात थांबले. “माहीत आहे.”

“काय?”

“पहिल्याच दिवशी दिसले की दोन थेंब. काप यंत्रात घालण्याआधी मी बघतोच ना.”

“मग बोलला का नाहीस?”

“मार्च तोंडावर आला होता. तुमची सही व्हायची होती.” तो जरासा हसला. “आणि मला वाटलं, गोंदाचीच तर चूक. त्यात शोधण्यासारखं काय असणार? मी तरी कुठला हुशार!”

“लेख आलाय रे त्याच्यावर.”

“वाचला. दोनदा वाचला. चांगलं केलंय त्यांनी काम.”

“परत चल. मी सेन्सेईंना सगळं सांगते.”

“नका सांगू. तुमच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत ना? माझं आता इथं बरं चाललंय.”

त्याने बाईंना दुसऱ्यांदा वाचवलं होतं, आणि या वेळी ते त्यांना सोसवेना. त्या तिथेच गुडघे टेकून बसल्या, कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकल्या आणि हमसून हमसून रडू लागल्या.

“उठा, शोजी-सान,” तो म्हणत राहिला. “उठा ना. खाली ओलं आहे.”