फेव्रोनियाच्या घराखालचा बर्फ

आमच्या गावातली घरं बर्फावर उभी आहेत. लार्चच्या झाडांची सावली असते तोवर जमिनीतला बर्फ टिकतो. झाडं तोडली की ऊन आत शिरतं, जमीन खचते आणि घर कलतं. हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं.

म्हणूनच त्या उन्हाळ्यात शाळेच्या खोलीत गावाची बैठक भरली, तरी कुणी पुढे येत नव्हतं. अलीकडे उन्हाळा लवकर येतो, जंगल वाळतं आणि पेटतं. आग तळ्यापलीकडे आली होती. गाव वाचवायचं तर मध्ये झाडं तोडून मोकळा पट्टा करायला हवा होता, पण कुणाच्या घरामागे? माझी मुलगी क्युन्नेय दम्याची. धुरानं तिचे ओठ निळसर झाले होते. मी तिला मांडीवर घेऊन नुसते तिचे श्वास मोजत होते, छाती वर-खाली, वर-खाली.

"माझ्यामागची तोडा," फेव्रोनिया मावशी म्हणाली. ती एकटी राहते, दोन गाई पाळते. "पट्टा तिथूनच सरळ निघतो."

"वहिनी, घर कलेल," इनोकेन्ती म्हणाला. तिचा धाकटा दीर.

"कलू दे. मी तरी कुठं सरळ राहिलेय?"

झाडं पडली. आग पट्ट्यापाशी आली, तेव्हा मावशी तव्यावरची गरम धिरडी घेऊन पुढे गेली. चुलीतल्या आगआजोबाला पहिला घास आम्ही रोजच देतो, तिनं तो या आगीला दिला आणि वर खडसावलं, "घरी रोज जेवतोस ना रे? मग इथं काय मेलं ठेवलंय? जा माघारी!"

आग पट्ट्यापाशीच विझली. क्युन्नेय वाचली.

पुढच्या वसंतात मावशीच्या घराखाली पाणी साचलं. दूध ओतलं की वाटी आपोआप टेबलाच्या कडेला सरकायची. रात्री भिंतींचे ओंडके तडकल्याचा आवाज आमच्यापर्यंत यायचा. मी म्हटलं, "आमच्याकडे ये गं राहायला."

"तुझा नवरा घोरतो. मला इथं ऐकू येतं."

दार मात्र बसेना. ते तासून तासून ती थकली नाही, दारच संपत आलं. शेवटी या उन्हाळ्यात इनोकेन्तीनं सगळ्यांना गोळा केलं: ओंडक्यांवर खडूनं खुणा करायच्या, घर उतरवायचं आणि दुसरीकडे पुन्हा रचायचं. जागा मी दिली, आमच्या आवारामागे, दाट सावलीत.

मावशी बघायला आली. झाडांवरून हात फिरवत म्हणाली, "थंड आहे. पण पोरी, मग ही झाडं तोडायची नाहीत. पुढची आग आली तरी नाही."

क्युन्नेय अंगणात खोकत होती. माझ्यानं हो म्हणवलं नाही, नाहीही म्हणवलं नाही.

मावशी रागावली नाही, हसलीही नाही. "बरोबर आहे," म्हणाली. "तू आई आहेस. मी अजून एखादी जागा बघते."

आणि गाईंना हाका मारत ती तळ्याकडे निघाली.