लाल दिव्यावर चिकटवलेली देवी

आमच्या गाडीच्या मीटरवर, बरोबर ऑईलच्या दिव्याच्या जागी, तुळजाभवानीचं स्टिकर होतं. माझ्या नवऱ्यानं ते नेम धरून तिथंच लावलं होतं, कारण तो लाल दिवा त्याच्या डोळ्यांत खुपत होता.

गाडी जुनीच घेतलेली. आमच्या मुरुम गावाहून तुळजापूरला नेऊन पूजा केली, चाकाखाली लिंबं चिरडली, बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं. एवढा मान झाला, पण गाडीसोबत आलेलं पुस्तक कुणी उघडलं नाही. मी उघडलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, छापलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. त्यात सरळ लिहिलं होतं: पिवळा दिवा लागला तर गाडी लवकर दाखवून घ्या, लाल लागला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. झारीचं चित्र आणि तिच्या तोंडाशी थेंब, म्हणजे ऑईलचा दाब कमी. पाचवीतल्या पोराला कळेल. आमच्या घरातल्या पुरुषांना नाही कळलं.

"समई हाय ती, लागू दे की. शुभ असतंय," म्हणून नवरा हसला, सासरेही हसले. मी बॉनेट उघडून ऑईल मोजायची काडी पुसून बुडवून पाहिली. टोकाला नावापुरतं काळं लागलं. सांगितलं, तर उत्तर आलं, "मेस्त्री म्हणला सेन्सर गेलाय. तू मेस्त्रीपेक्षा शानी हायस का?" मेस्त्रीनं बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दिव्यावर देवी आली. मी स्टिकर काढायला गेले, तर सासरे ओरडले, "देवीला नख लावतीस?" मी हात मागं घेतला. मीही त्या देवीपुढं हात जोडते. तिला असल्या झाकाझाकीच्या कामाला लावलं याची मला तेव्हा लाज वाटली, आणि आज नुसता संताप येतो. खरं तर ऑईलचा डबा आणून मीच ओतायला हवं होतं. तेही केलं नाही, म्हणून स्वतःचाही येतो.

त्यातच आईचा डोळा. आठ दिवस तिला एका डोळ्यात काळे ठिपके दिसत होते, कडेला विजा चमकल्यासारखं होत होतं. जावयाला कशाला त्रास, म्हणून ती गप्प राहिली. शेवटी कडेनं अंधार सरकायला लागला तेव्हा बोलली. उमरग्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, डोळ्याचा आतला पडदा सुटतोय, पण त्याचा मधला भाग अजून जागेवर आहे, तोवरच नजर वाचेल. आजच्या आज सोलापूर गाठा. तिथल्या डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन लावला. ते आमच्यासाठी थांबणार होते.

माझ्याकडं लायसन आहे. मी किल्ली मागितली. "सासूबाई गाडीत, अन् बायकोनं गाडी चालवायची? मी काय बाजूला बसून बघू व्हय?" नवरा म्हणाला आणि स्टेअरिंगवर बसला.

मी मागं, आईचं डोकं मांडीवर घेऊन. नळदुर्ग मागं पडलं आणि स्टिकरच्या कडांतून लाल उजेड दिसायला लागला. आधी तो लुकलुकायचा, आता लागला तो लागलाच. इंजिनातून टकटक येत होती.

"अहो, दिवा लागलाय. थांबा. ऑईल टाकू, मग जाऊ."

"गाडी पळतीय न्हवं?"

"इंजिन जाम होईल! आधी थांबा!"

तेवढ्यात आईनं माझा हात दाबला. "गप बस गं. जावई चालवायलेत, त्येंला कळतंय की."

आणि मी गप्प बसले. वर्गात साठ पोरांना एका आवाजात गप्प करणारी मी, आईच्या एका शब्दावर गप्प बसले. पुढच्या दोन-तीन किलोमीटरवर खडखड झाली, एक मोठा आवाज झाला आणि इंजिन जाम झालं.

मग मात्र मी गप्प बसले नाही. रस्त्याकडेच्या हॉटेलातली माणसं चहा सोडून बाहेर आली इतकी ओरडले. स्टिकर, समई, मेस्त्री, सगळं काढलं. हातवारे करूनही वाहनं थांबत नव्हती. अखेर एका टेम्पोत जागा मिळाली. सोलापुरात पोहोचलो तेव्हा डॉक्टर वाट पाहून गेले होते. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. तोवर मधला भागही सुटला होता. त्या डोळ्यानं आईला आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो.

"गाडीनं दगा दिला," असं नवरा भेटायला येणाऱ्यांना सांगत होता. माझ्याशी पंधरा दिवस बोलला नाही, कारण मी त्याला चारचौघांत बोलले होते.

आई आमच्याकडंच होती. एका सकाळी तिनं मला जवळ बोलावलं. बिघडलेल्या डोळ्याच्या बाजूला मी उभी होते, म्हणून तिला मान पूर्ण वळवावी लागली. "जावई लई चांगले हायत," ती म्हणाली. "रस्त्यात मानसांपुढं बोललीस त्येंला. माफी माग."

मी मागितली. चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला आणि "चुकलं माझं" म्हणाले. त्यानं मोठ्या मनानं मला माफ केलं.