बॅटर मागेल तसा चेंडू

डूख धरू नये, असं माझी बायको म्हणते. मी धरतो. आमच्या मॅनेजरवर तर दोन वर्षं धरून होतो.

बाबांना पुण्यात आयसीयूत हलवलं, तेव्हा मी अमेरिकेत, शॉमबर्गच्या ऑफिसात त्याच्यापुढे सुट्टी मागायला उभा होतो. "रिलीज होऊ दे यार, मग निवांत जा," तो म्हणाला. व्हिसा कंपनीच्या हातात, म्हणून मी मुकाट मान डोलावली. सॉफ्टवेअरची रिलीज वेळेवर झाली. बाबांचा अंत्यविधी मी फोनवर पाहिला. त्याने घरी फुलं पाठवली, ती मी सरळ कचऱ्यात टाकली.

यंदा कंपनीच्या पिकनिकला जुन्या पद्धतीचा बेसबॉल ठेवला होता. अंपायर म्हणून आलेल्या पांढऱ्या मिशांच्या आजोबांनी नियम सांगितले. हातमोजे नाहीत. चेंडू कमरेखालून टाकायचा, आणि बॅटर 'हाय' म्हणजे कमरेच्या वर मागेल किंवा 'लो' म्हणजे खाली, तसाच द्यायचा. मग त्यांनी त्या काळातल्या एका पगारी पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, गोष्ट काढली. बॅटर मागेल तसा चेंडू पुरवायचा, एवढीच त्याची नोकरी. टीममध्ये दुसरा पिचर नव्हता, त्यामुळे सगळे सामने हाच टाकायचा. त्याने बोटांनी चेंडू वळवायची युक्ती शोधली आणि भल्याभल्यांची भंबेरी उडवली. पुढे खांदा गेला, तेव्हा मालकाने हंगाम संपायचीही वाट न पाहता त्याला काढून टाकलं. बाकीचे हॉट डॉगच्या रांगेत पळाले होते. मी शेवटपर्यंत ऐकलं. हा माणूस मला सख्ख्या भावासारखा वाटला.

पिचर कोण होणार, असं विचारल्यावर मी हात वर केला. लहानपणी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये काचा फुटू नयेत म्हणून अंडरआर्मच क्रिकेट खेळायची सक्ती होती, आणि ऑफिसातून आलेले बाबा बूटही न काढता मला स्पिन शिकवत बसायचे.

मॅनेजर बॅट फिरवत आला. नागपूरला कॉलेजच्या टीमचा ओपनर होता, हे त्याने आम्हाला दर लंचला ऐकवलेलं. "लो दे," तो म्हणाला. मी लो दिला. चेंडू आत वळला, बॅट हवेत फिरली. दुसराही तसाच. ऑफिसातली मंडळी हसायला लागली आणि मला ते हसू फार गोड लागलं, खोटं कशाला बोलू? तिसराही हुकला आणि तो तोल जाऊन गुडघ्यावर बसला. तीन हुकले की आऊट.

पँट झटकत, चेंडू उचलून तो माझ्याकडे आला. "भारी रे. कोणी शिकवलं तुला हे?"

"बाबांनी," मी म्हणालो. "ज्यांना भेटायला तुम्ही मला जाऊ दिलं नाहीत."

तो खाली बघत "सॉरी" म्हणाला. दोन वर्षांनी.

मी हात पुढे केला. प्रकरण मिटलं असं वाटून त्यानेही आपला रिकामा हात पुढे केला.

"चेंडू द्या," मी म्हणालो. "पुढचा बॅटर थांबलाय."