मुलुंडची निरंक खदान

माझ्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा फोन आला. "ताई, खदान साफ झाली. शनिवारी शेवटची पाहणी आहे. वस्तीतर्फे माझी सही. ये ना गं सोबत." अशी बोलावणी मला आवडत नाहीत. पण ती राहते मुलुंडला डोंगराखाली, वस्तीच्या बोअरवेलच्या पाण्यात भात शिजवते, आणि वरच्या बंद खदानीत कुठल्याशा कारखान्याने वर्षानुवर्षं पिवळा गाळ ओतला होता. निघाले.

तुम्हाला जायचं असेल तर ऐका. अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर, तिथून एलबीएस रोडने बस. भांडुपला रस्ता खोदलेला, बस हलेचना. मी कंडक्टरला दोनदा विचारलं, "चालत गेले तर आधी पोचेन का?"

"मावशी, उतरा आणि बघा."

उतरले नाही. मुलुंडला शेअर रिक्षा मिळते, अंग चोरून बसायचं. शेवटचा चढ पायी, तेव्हा चपला नको, बूट घाला. पाणी घरून न्या. नाक्यावरचा वडापाव गरम, चटणीत लसूण सढळ.

खदान ओळखूच येईना. गाळ गेलेला. काळा कातळ, त्यावर नवी माती, प्रार्थनेला उभी केल्यासारखी रोपं. खाली मुलांसाठी झोपाळे, पण फाटकाला कुलूप. सही झाली की कुलूप उघडणार, म्हणून अख्खी वस्ती सुनंदाच्या मागे उभी.

मंडपात एक सरकारी साहेब आणि सफाईच्या ठेकेदाराचा माणूस. लोकांनी तपासायचं असतं म्हणे, म्हणून पाणी तपासणीचा कागद आमच्या हातात दिला. माझी चौथी झालेली, मी बोट ठेवून वाचते. विहीर एक, पुढे आकडे. विहीर दोन, आकडे. बोअरवेल: निरंक.

"निरंक म्हणजे काही सापडलं नाही, ताई," ठेकेदाराचा माणूस म्हणाला. सुनंदाने पेन उघडलं.

मी अंगणवाडीत बारा वर्षं मदतनीस होते. वजनकाटा मोडला त्या महिन्यात आमच्या बाईंनी लिहिलं होतं, 'कमी वजनाची मुलं: निरंक.' एकही पोर काट्यावर ठेवलं नव्हतं.

"थांब गं," मी म्हटलं. "साहेब, मोजून निरंक, की न मोजता निरंक?"

साहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला. मग ठेकेदाराच्या माणसाकडे बघितलं.

"त्या दिवशी मोटर बंद होती ना," तो म्हणाला. "नमुना नाही घेता आला."

मागून एक मालवणी म्हातारी ओरडली, "तुका काय करूचा आसा? पोरां कधी खेळतली? तू जातलंस अंधेरीक!"

"जाईनच! पाणी तुम्हीच पिता ना?"

सुनंदाने पेनाला टोपण लावलं. मग तिने कागद साहेबांपुढे सरकवला. "आधी पाणी तपासा. मग सही."

घरी येऊन आठ दिवस झाले. सुनंदासमोर बोअरवेलच्या पाण्याची बाटली भरून, सील लावून नेली. आता ती सकाळी अर्धा तास येणाऱ्या नळावर भागवते. शेजारणी बोलत नाहीत, पोरं कुलपाबाहेरून झोपाळे बघतात. निकाल यायचाय. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावते. पाणी चांगलं निघालं तर सगळी वस्ती मला शिव्या घालेल, उगाच खोळंबा केला म्हणून.

घालू देत. मला त्याच शिव्या हव्यात.