वस्तऱ्याची नवी मूठ

माझ्या साखरपुड्याचा घोळ माझ्याच पॉलिशनं घातला. दुसऱ्या कुणाला बोल लावण्यात अर्थ न्हाय.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात फर्निचरला पॉलिश करायचो. आमच्या गल्लीत सलूनवाले काका होते. त्यांच्या वस्तऱ्याची मूठ तडकली, म्हणून शिसवीच्या तुकड्यातनं मी नवी करून दिली. कानशीनं घासली, काचकागद मारला, काळा रंग दिला आणि वर चपड्याच्या पॉलिशचे नऊ हात! अहो, कपाटाला तीन हात पुरतात. पण मुठीत तोंड दिसायला पाहिजे, असला माझा हट्ट.

काका म्हणाले, "अरं, ही हातात धरायची हाय, शोकेसात ठेवायची न्हाय."

मी ऐकतोय व्हय!

साखरपुडा आमच्याच घरी होता. सकाळी पेठ वडगावहून सासरे आले. मिशी अशी, की बघूनच माणूस बाजूला सरकावा. दाढी करायला मीच त्यांना सलूनात नेलं आणि खुर्चीत बसवून फुशारकीनं म्हटलं, "काका, नवी मूठ काढा. मी केलीया."

काकांचे हात साबणानं ओले. डावा गाल झाला, उजवा झाला. मिशीची कड साधायला गेले आणि मूठ बोटातनं सुळकन फिरली. रक्ताचा थेंब न्हाय, पण अर्धी मिशी टॉवेलात.

सासऱ्यांनी आरशात बघितलं. मग मुठीकडं. मग माझ्याकडं. "ह्या तोंडानं मी चारचौघांत बसू? मोडली सोयरीक!" म्हणून उठायलाच लागले.

मी त्यांच्या हातापाया पडलो. काचकागद माझ्या खिशात कायमच. तिथंच पायरीवर बसून, पातं सांभाळत, नऊच्या नऊ हात खरवडून काढले. लाकूड उघडं केलं, मूठ साबणाच्या पाण्यात बुडवली आणि त्यांच्यापुढं धरली. "आता निसटली तर बोला."

"निसटतीया का, ते तुझ्यावर बघू," सासरे म्हणाले. "बस खुर्चीत."

कॉलेजपासून जपलेली माझी मिशी गेली. मूठ हलली न्हाय. मग सासरे बसले आणि डोळे मिटून उरलेली अर्धी त्यांनी काढून घेतली.

मुलीनं मला एकदाच बघितलेलं, मिशीसकट. पाटावर शेजारी येऊन बसली. वडलांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि घाबरून हळूच विचारलं, "तुम्हीच न्हवं?"

"व्हय की, मीच," म्हटलं. "खात्री पाहिजे तर वडलांस्नी विचार."