साहेब ‘हो’ म्हणाले की ‘नाही’?

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय.

शेजारच्या गंगाकाकी रेवदंड्याला मासळी विकतात. काल विचारत होत्या, “मास्तर, त्या मच्छीमारीच्या कायद्याला आपला खासदार हो बोलला का न्हाय?”

म्हटलं, बघून सांगतो. संसदेच्या वेबसाइटवर असेलच की!

आज दोन तास शोधलं. विधेयक सापडलं, पुढे एकच ओळ: ‘आवाजी मतदानाने मंजूर.’ म्हणजे सगळे एकदम ओरडले आणि अध्यक्षांनी कानांनी अंदाज घेतला. कोण काय ओरडलं, याची नोंदच नाही!

खासदारांच्या कार्यालयात फोन लावला. सहायक म्हणाला, “साहेब मोठ्यानं ‘हो’ म्हणाले, सर!” पुरावा मागितला, तर साहेबांचा जेटीवर नारळ फोडतानाचा फोटो पाठवला.

काकींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आमचा मासळीचा लिलावपन आवाजीच हाय. पन्नास बाया एकदम ओरडतात, तरी कोन काय बोलली ते सगल्यांना ठाव असतं. बोलून फिरली, तर दुसऱ्या दिवशी तिला लिलावात कोन उभी करत न्हाय.”

आमचे साहेब पुढच्या निवडणुकीला पुन्हा उभे राहणार आहेत. तुमचे?